माझी अरुंद कड आणि मामाची सुई

मी एक जुनी चिप आहे, मित्रांनो. आकाराने नखाएवढी. प्लास्टिकच्या एका चपट्या डबीत राहते. डबीच्या तळाला चिकट थर आहे, म्हणून हलले तरी घरंगळत नाही. तुम्ही आत्ता वाकून माझ्याकडे बघताय हे मला कळतंय आणि स्पष्टच सांगते, मला ते आवडलेलं नाही. हातमोजे घातलेत का? श्वास जरा तिकडे सोडा. तुम्ही चांगली मुलं असालही, पण तसं सगळेच म्हणतात.

रागावू नका. माझा स्वभाव संशयी आहे, पण तो काही उगाच झालेला नाही. जन्मापासून मला कुणी सरळ नजरेनं पाहिलंच नाही. ज्यानं पाहिलं त्यानं मायक्रोस्कोपमधून पाहिलं, आणि तेही माझ्यात खोट कुठे आहे ते शोधायला. सगळा जन्म असा गेल्यावर माणसंसुद्धा अशीच होतात, मी तर चिप आहे.

मी सिलिकॉन कार्बाइडची. आमचं घराणं कडक, हिऱ्याच्या खालोखाल. करड्या भुकटीपासून आमची सुरुवात झाली. ती भुकटी भट्टीत इतकी तापवली, इतकी तापवली की तिची वाफ झाली आणि त्या वाफेचा थरावर थर बसून स्फटिक वाढला. ते फार सावकाश चालतं. भट्टीवाला आकड्यांवरून नजर काढत नसे. त्याचा भट्टीवर विश्वास नव्हता आणि भट्टीचा विजेवर नव्हता. मग हिऱ्याचे कण लावलेल्या तारेनं त्या स्फटिकाच्या पातळ चकत्या कापल्या. एकेका चकतीवर आम्ही कितीतरी बहिणी. आमच्या अंगात अॅल्युमिनियमचे बारीक कण वेगानं घुसवले, पुन्हा भट्टीत घातलं, अंगावर काचेसारखा पातळ थर चढवला आणि मग कापून वेगळं केलं. माझ्या शेजारी जी बहीण होती, तिला मी शेजारीणच म्हणते. तिची गोष्ट पुढे येईल. तिच्यावरही माझा थोडा संशय होताच, पण तो माझ्या स्वभावाचा दोष.

आमचं काम काय, तर अडवायचं. मोठ्या यंत्रांमध्ये, विजेवर चालणाऱ्या इंजिनांमध्ये हजारो व्होल्ट अंगावर घेऊन दार लावून उभं राहायचं, आणि सांगितलं की दार उघडायचं. मधल्या भागात मी भक्कम आहे. काळजी असते ती कडेची. विजेचा सगळा जोर कडेला येऊन गर्दी करतो आणि तिथेच चिप फुटते. तुमच्या घराच्या गच्चीवरून खाली यायचं तर तुम्ही जिन्यानं येता ना? एक एक पायरी. जिनाच नसला तर उडी मारावी लागेल. विजेनं अशी उडी मारली की ठिणगी पडते आणि चिपची राख होते. म्हणून आमच्या कडेला चारी बाजूंनी एकात एक बारीक वलयं आखलेली असतात. हजारो व्होल्ट त्या वलयांवरून पायरी पायरीनं खाली उतरतात आणि बाहेरच्या काठापर्यंत येईतो शांत होतात.

आता गंमत अशी की हा जिना जागा खातो. जितकी कड रुंद, तितकी चिप मोठी, आणि तितक्या एका चकतीतून चिपा कमी निघतात. म्हणून आम्ही जिथे घडलो त्या इमारतीतल्या एका मुलीनं माझी कड अरुंद आखली. आतली वलयं जवळ जवळ, बाहेरची जरा लांब लांब, प्रत्येक अंतर वेगळं. महिनोन्महिने ती संगणकासमोर बसून एक वलय केसभर इकडे, एक केसभर तिकडे करत होती. तिला सगळे भाची म्हणत. का, ते सांगते.

जिथे आम्हाला मापायचे त्या खोलीत तिचा सख्खा मामा कामाला होता. हातात चिमटा, डोळ्यावर चष्मा, कपाळावर कायमची आठी. मागून त्याला शंकासुर म्हणत, पुढून सर. खोलीला कुलूप लावलं की तो ते ओढून बघायचा. जिन्याच्या वळणापर्यंत जायचा आणि परत येऊन पुन्हा ओढायचा. भाची त्याच्या बहिणीची मुलगी. शिकायला म्हणून त्याच्या घरी आली ती तिथेच राहिली आणि कामालाही त्याच इमारतीत लागली. तेव्हा दोघांनी ठरवून टाकलं होतं की घरी मामा आणि तू, इमारतीत सर आणि तुम्ही.

इमारतीच्या प्रमुख होत्या मोठ्या बाई. बोलणं कमी, भुवई बोलकी. त्यांनी भाचीला सांगून ठेवलं होतं, "साडेसहा हजार व्होल्ट झेपले तर ही कड घेऊ. नाही झेपले तर आपली जुनी रुंद कड बरी. मग या कामासाठी वेगळं माणूस ठेवायचं कारण उरत नाही." भाचीची नोकरी कच्ची होती, मित्रांनो. म्हणजे माझ्या कडेवर नुसते व्होल्ट नव्हते, त्या मुलीची नोकरीही होती.

मला पहिल्यांदा मापलं तो दिवस मला लख्ख आठवतो. खाली धातूची पट्टी, वर सुई, आणि मी तेलात बुडालेली. हवेत मापलं तर वरच्या वर ठिणगी उडते, म्हणून तेल. मामानं व्होल्टेज हळूहळू चढवलं. माझ्यातून करंट गळायला लागला की तिथे थांबायचं आणि आकडा बघायचा, अशी ती रीत. आकडा आला सात हजारांच्या वर.

मला वाटलं, आता हा शाबास म्हणेल. कसलं काय!

"शक्यच नाही," मामा म्हणाला. "एवढीशी कड, आणि सात हजार?"

त्यानं सुई बदलली आणि परत मापलं. तेल बदललं, परत मापलं. वायर बदलली, मीटर बदललं, खुर्चीसुद्धा बदलली. इतर चिपा तो दोनदा मापून सोडून द्यायचा. माझा मात्र पिच्छाच पुरवला. आणि मापताना स्वतःशीच पुटपुटायचा, "उद्या कुणी म्हणायला नको, मामानं भाचीला पास केलं."

बघा म्हणजे! त्याचा माझ्यावर राग नव्हता. त्याला लोकांच्या तोंडाची भीती होती, आणि ती भीती तो माझ्यावर काढत होता.

दर खेपेला माझा आकडा थोडा उतरायला लागला. मला त्या टोकापर्यंत नेलं, की माझ्या कडेपाशी विजेचे सूक्ष्म कण उसळतात आणि वरच्या काचेच्या थरात जाऊन रुततात. एकदोनदा झालं तर काही बिघडत नाही. पण पुन्हा पुन्हा केलं की ते तिथे ठाण मांडून बसतात आणि खालच्या जिन्याच्या पायऱ्या वेड्यावाकड्या करतात. मला हे सगळं कळत होतं. पण चिपला तोंड कुठे असतं? तिला फक्त आकडा असतो. आणि माझा आकडा माझ्याच विरुद्ध साक्ष देत होता.

असं करता करता तो साडेसहा हजारांच्या खाली गेला.

"बघा," मामा म्हणाला. आवाजात आनंद नव्हता. "मला पहिल्यापासून वाटतच होतं."

त्यानं माझ्या बहिणींनाही असंच मापमापून हैराण केलं. सगळ्यांची तीच गत झाली. बातमी इमारतभर झाली. डबा खाताना कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे कड चुकली, कुणी म्हणे भाचीनं आधीचे आकडे फुगवले होते. कुणी असंही म्हणे की शंकासुर मुद्दामच तिला पाडतोय, पोरगी पुढे जाईल ना त्याच्या. भाचीच्या कानावर हे सगळं पडत होतं. मामाशी जिन्यात गाठ पडली की ती खाली बघून जायची.

मग साप्ताहिक सुट्टी आली. मी उबदार कपाटात स्वस्थ पडून राहिले. काचेत रुतलेले थोडे कण आपसूक सुटले. सुट्टीनंतर मामानं मापलं, तर आकडा चढलेला!

मामा खुर्चीत ताठ झाला. त्यानं दाराकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं.

"कुणीतरी हात लावलाय," तो म्हणाला.

कुणीतरी म्हणजे कोण, हे त्यानं स्वतःलाही सांगितलं नाही. पण त्या संध्याकाळी त्यानं मला डबीसकट शर्टाच्या खिशात घातलं आणि नियम मोडून घरी नेलं. नियम पाळणारा माणूस नियम मोडतो, तेव्हा सांभाळून राहावं.

घर लहान होतं. स्वयंपाकघरात टेबल, चार खुर्च्या, त्यातली एक डुगडुगती. मामानं मला फ्रिजवर, बिस्किटांच्या डब्यामागे लपवलं. मनात म्हटलं, वा रे हुशारी! ज्या मुलीपासून मला लपवायचं, ती याच घरात राहते आणि बिस्किटं तिलाच आवडतात. व्हायचं तेच झालं. भाचीनं डबा काढला आणि मी दिसले.

"हे काय आहे, मामा?"

"डबी."

"ते दिसतंय. ही माझी चिप आहे. ही घरी कशी?"

"तिथे ती सुरक्षित नाही."

"कुणापासून?"

मामा चष्मा पुसायला लागला. काच स्वच्छच होती.

"कुणापासून, मामा?"

"सुट्टीच्या आधी आकडा कमी होता. सुट्टीनंतर वाढला. असा आपोआप वाढतो का आकडा?"

"म्हणजे मी चोरून काहीतरी केलं."

"मी तसं म्हटलं नाही."

"मग कसं म्हटलंस? सगळे म्हणतात तू मला मुद्दाम पाडतोयस. मी त्यांच्याशी भांडले. आणि तू मला चोर समजतोस?" तिचा आवाज चिरकला. मग तिनं बिस्किटांचा डबा झाकण लावून जागेवर ठेवला. "ठीक आहे, सर. तपासा तुम्ही."

त्या घरात 'सर' हा शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. मामाचा चेहरा पांढरा पडला. मला वाईट वाटलं, मित्रांनो. मला सहसा वाटत नाही, पण तेव्हा वाटलं.

मामी ताटं घेऊन आली. तिनं दोघांची तोंडं पाहिली आणि ओळखलं की इथे आपणच काहीतरी बोलायला हवं.

"अगं, यांचं काय मनावर घेतेस," ती वाढता वाढता म्हणाली. "आमच्या लग्नाचं ठरत होतं तेव्हा यांनी मला विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. निघताना परत विचारलं, नक्की ना? मग निरोप पाठवून विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझं मलाच वाटायला लागलं, अरे, खरंच नक्की ना? चौथ्यांदा विचारलं असतं ना, तर मी सरळ नाही म्हणून मोकळी झाले असते."

भाचीला हसू आलं, ते तिनं दाबलं. मामा मात्र हसला नाही. घास त्याच्या हातातच राहिला. मामीकडे बघता बघता त्याची नजर हळूहळू वर फ्रिजकडे गेली, माझ्याकडे.

"विचारून विचारून..." तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. जेवा."

सकाळी त्यानं खोली उघडल्या उघडल्या मला तेलात ठेवलं आणि एकदा मापलं. आकडा आणखी चढला होता. मी रात्रभर त्याच्याच उशाशी होते, कुणी हात लावला नव्हता, सकाळी त्यानंच खिशात घालून आणलं होतं. आता संशय घ्यायला माणूसच उरलं नव्हतं. एकच उरलं होतं, आणि ते चष्मा लावून खुर्चीत बसलं होतं.

त्यानं मीटर बंद केलं. मग मला खिशात घालून भाचीच्या टेबलाशी गेला.

"तुमच्याकडे अजिबात न मापलेली एखादी चिप आहे का?" इमारतीत तोही तिला तुम्हीच म्हणे.

भाचीचा हात नकळत खणावर गेला, आणि मला कळलं. शेजारीण! सगळ्या बहिणी मामाच्या सुईखाली गेल्या, पण शेजारणीला या मुलीनं पहिल्यापासून बाजूला काढून ठेवलं होतं. म्हणजे तिचाही त्याच्यावर विश्वास नव्हता. एका घरात जेवणारी ही दोन माणसं, आणि मधे केवढी ही भिंत!

"कशाला हवीय?"

"मापायला. एकदाच."

"तुम्ही? आणि एकदाच?"

"मी मापतोय म्हणून आकडा पडतोय, असं मला वाटतं. तुमची कड बरोबर असेल तर ही पहिल्या खेपेला सात हजारांच्या वर जाईल. पण ही शेवटची आहे. माझा हात दुसऱ्यांदा बटणाकडे गेला, तर हीसुद्धा गेली."

भाचीनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या हाताकडे पाहिलं. ज्या माणसाला कुलूप एकदा ओढून चैन पडत नाही, त्याच्या हातात आपली शेवटची आशा द्यायची! मी तिच्या जागी असते तर दिली नसती. खरं सांगते, मी खण कुलूपबंद केला असता.

तिनं खण उघडला. "मोठ्या बाईंसमोर करा," एवढंच म्हणाली.

मोठ्या बाई आल्या, आणखी दोघे-तिघे बघायला आले. शेजारीण तेलात उतरली. मी डबीतून बघत होते. व्होल्टेज चढायला लागलं. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. पाच हजार, सहा हजार. साडेसहापाशी भाचीनं डोळे मिटले. सात हजार आले आणि गेले, मग कुठे करंट गळला. मामानं लगेच व्होल्टेज उतरवलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

मोठ्या बाईंची भुवई वर गेली. "परत एकदा करा."

"नाही," मामा म्हणाला.

खोलीत सगळे त्याच्याकडे बघायला लागले. शंकासुर दुसऱ्यांदा मापायला नाही म्हणतोय!

"नाही म्हणजे?"

"दर वेळी आपण तिला फुटण्याच्या टोकाला नेतो. मी बाकीच्यांना नेलं, आणि नेऊन नेऊन बिघडवलं. कड चांगली होती, बाई. माझ्या संशयानं खराब झाली."

"की भाचीला वाचवताय?"

झालं! ज्या वाक्याच्या भीतीनं त्यानं आम्हा सगळ्यांचे हाल केले, ते वाक्य शेवटी आलंच. मला वाटलं, आता हा मोडणार, हात पुढे जाणार. हात पाठीमागेच राहिले.

"म्हणा तसं," तो म्हणाला. "भाचीच आहे ती माझी. पण तेवढ्यासाठी मी ही चिप मारणार नाही. तुम्हाला पुरावाच हवाय ना? मग हिला घ्या." आणि त्यानं खिशातून मला काढलं. "हिच्याइतकं मी कुणाला छळलेलं नाही. हिला ओव्हनमध्ये गरम ठेवा. काचेत रुतलंय ते सुटेल. मग तुम्ही स्वतः मापा. सावरली तर खरं, नाही सावरली तर माझं आणि तिचं, दोघांचं काम काढून घ्या."

माझी परवानगी कुणी विचारली नाही. विचारली असती तर मी चार अटी घातल्या असत्या. मला ओव्हनमध्ये ठेवलं आणि सगळे जेवायला गेले. नुसते मामा आणि भाची दाराशी बसून राहिले. उबेत हळूहळू माझ्या कडेवरचं ओझं उतरायला लागलं, कित्येक दिवसांनी पायऱ्या पुन्हा सरळ झाल्यासारख्या वाटल्या. पण पुरेशा झाल्या का, ते मलाही कळेना. मला स्वतःवरही भरवसा नव्हता. सारखं वाईटच ऐकत आलं की असंच होतं.

मोठ्या बाईंनी स्वतः बटण फिरवलं. सहा हजार. साडेसहा हजार. मी दार लावून उभी राहिले. पहिल्या दिवसाइतकं काही जमलं नाही, पण साडेसहाच्या बरीच वर गेले आणि मग गळले.

भाचीनं तोंडावर हात धरला.

मोठ्या बाईंनी आकडा लिहून घेतला. "चिपा कामावर गेल्यावर हेच झालं तर?"

"कामावर त्यांना या टोकापर्यंत कुणी नेत नाही, बरंच कमी व्होल्टेज असतं," भाची म्हणाली. "तरी वरचा थर मी बदलते. त्यात काही रुतूच नये, असा करते."

"कड राहू द्या, थर बदला," मोठ्या बाई म्हणाल्या. दाराशी थांबून पुढे म्हणाल्या, "आणि तुमच्या पक्क्या नोकरीचं उद्या बघू." मग मामाकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही सुट्टी घ्या एक दिवस. कंटाळलीय ती सुई."

सगळे पांगले. मामा तेल पुसत उभा होता. भाची जवळ गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामा, तू जेवला नाहीस अजून. चल."

त्यानं तिला इमारतीतल्या नियमाची आठवण करून दिली नाही. नाक मात्र जोरात शिंकरलं.

पुढे नव्या थराच्या माझ्या बहिणी कामाला लागल्या. इंजिनांमध्ये गेल्या, डोंगर चढल्या म्हणे. शेजारीणही काचेच्या कपाटात मानानं बसली. माझं कौतुक चार दिवस झालं. मग मी या डबीत आले आणि डबी मामाच्या खणात गेली. कामावर गेले नाही याचं वाईट वाटतं का? वाटतं. तुम्हाला खोटं सांगून काय करू?

मामा निवृत्त झाला त्या दिवशी खोली रिकामी झाल्यावर त्यानं माझी डबी काढली. चिमटा उचलला. तेलाचं भांडं शेजारीच होतं, मीटर चालू होतं. माझ्या मनात आलं, बघा, शेवटी स्वभाव गेला नाहीच. शेवटचं एकदा विचारल्याशिवाय हा जाणार नाही.

त्यानं चिमटा खाली ठेवला.

"बरी आहेस ना?" म्हणाला, आणि झाकण लावलं. खण लोटला, दिवा मालवला, दाराला कुलूप लावलं. मी कान देऊन होते. पावलं जिन्याच्या वळणापर्यंत गेली. आता परत येईल, कुलूप ओढेल. मी वाट पाहिली. पावलं खाली उतरत गेली आणि थांबली नाहीत. इतकी वर्षं ज्याच्या हाताला मी भीत होते, तो परत आला नाही म्हणून मला रडू आलं.

मित्रांनो, त्या खणातून निघून आता ही डबी तुमच्या हातात आली आहे. कुणाला पारखायचं तर जरूर पारखा, मी स्वतः सगळ्यांना पारखते. पण एकदा नीट विचारा आणि आलेलं उत्तर ऐका. पुन्हा पुन्हा टोकाला नेऊन विचारलंत, तर भक्कम माणूससुद्धा आतून ढासळतो, आणि मग तुम्ही म्हणता, मला पहिल्यापासून वाटतच होतं.

बरं, आता झाकण लावा. नीट लावा. लावलंत? नक्की ना?

असू दे. परत नाही विचारत.